धूम्रपान, मनाची व्यथा आणि औषधाची मात्रा

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात एका ज्ञातिबंधू डॉक्टरांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या संमेलनात बोलण्याची आज्ञा झाली तेव्हा चिटणीसांनी मला विषयाची मोकळीक दिली होती. "आरोग्यावर काही उपयुक्त बोला," एवढेच त्यांचे म्हणणे. आहार, मधुमेह, रक्तदाब यांपैकी एखादा निरुपद्रवी विषय मी निवडला असता, तर सभा संतुष्ट झाली असती आणि मीही सुखरूप सुटलो असतो. परंतु ज्या सभागृहात आज सकाळी गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार झाला आणि ज्येष्ठांना शाली अर्पण करण्यात आल्या, त्याच सभागृहात मी एक अमंगल वाटणारा विषय मांडणार आहे. धूम्रपान करणाऱ्या माणसांमध्ये आत्महत्येचा आणि औषधांच्या अतिमात्रेचा धोका इतरांपेक्षा अधिक आढळतो, तो का, आणि आपण घरच्या माणसांनी त्या बाबतीत काय करावे, हा तो विषय होय. मंगल प्रसंगी असे विषय काढू नयेत असा आपला शिष्टाचार आहे. पण या शिष्टाचारापायीच हे विषय वर्षानुवर्षे कोठेच निघत नाहीत, म्हणून आधीच क्षमा मागून मी बोलावयास उभा आहे.

प्रथम माझ्या हातून घडलेल्या एका चुकीची कबुली देतो. गोष्ट पुष्कळ वर्षांपूर्वीची आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी गाळीत आहे. दवाखाना थाटून मला चार-पाच वर्षे झाली असतील. आपल्याच ज्ञातीतील एक गृहस्थ खोकल्याची तक्रार घेऊन आले. वय पन्नाशीच्या आतबाहेर, नोकरी बरी, स्वभाव मितभाषी. मी छाती तपासली आणि नेहमीचा प्रश्न विचारला, "दिवसाकाठी सिगारेटी किती?" ते म्हणाले, "पूर्वी चार-पाच होत असत. हल्ली वीस-पंचवीस होतात." मी तरुण होतो आणि उपदेशाचा मला मोठा उत्साह होता. कर्करोग, हृदयविकार, दमा, मुलांच्या शिक्षणाचा खर्च, सारे मी त्यांना ऐकविले. त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतले, औषधाची चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली आणि ते गेले. त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात त्यांनी स्वतःच्या हाताने आपले जीवित संपविले.

मी सांत्वनासाठी त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नी मला म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, तीन महिने त्यांचा डोळ्याला डोळा लागत नव्हता. रात्रभर ओट्यावर बसून सिगारेटी ओढीत असायचे. तुम्हांला हे काहीच बोलले नाहीत का हो?" त्यांच्या स्वरात दोषारोप नव्हता. परंतु खरे उत्तर असे होते, की त्यांनी सांगितले नाही, कारण मी विचारलेच नाही. पाचाच्या पंचवीस का झाल्या, हा एक प्रश्न मी विचारला असता तर काय झाले असते, ते मला आज सांगता येत नाही. कदाचित काहीच झाले नसते. पण मी तो विचारला नाही, ही गोष्ट माझ्यासोबत अजून आहे.

आता हा प्रश्न किती मोठा आहे ते पाहू. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात आपल्या देशात १,७०,९२४ माणसांनी आत्महत्या केल्या. त्यांपैकी २२,७४६ महाराष्ट्रातील होत्या, आणि हा आकडा सर्व राज्यांत मोठा होता. मृतांमध्ये दर दहांमागे सुमारे सात पुरुष होते. कारणांच्या यादीत कौटुंबिक विवंचना आणि आजारपण ही दोन कारणे अग्रभागी होती. तंबाखूचे म्हणाल, तर २०१६-१७ च्या राष्ट्रव्यापी पाहणीत देशातील प्रौढांपैकी १०.७ टक्के लोक धूम्रपान करणारे आढळले. महाराष्ट्रात धूम्रपानाचे प्रमाण ३.८ टक्के इतकेच होते, पण तंबाखू, मिश्री, गुटखा इत्यादी धूरविरहित प्रकार वापरणारे २४.४ टक्के होते. मी पुढे ज्या संशोधनाचा आधार घेणार आहे ते मुख्यतः परदेशांतील सिगारेट ओढणाऱ्यांवर झालेले आहे. त्याचे निष्कर्ष तंबाखू चघळणाऱ्याला जसेच्या तसे लावू नयेत. पण तलफेने मनावर बसविलेली पकड त्यालाही अनोळखी नाही.

सिगारेट आणि कर्करोग यांचे नाते १९५० साली इंग्लंडमध्ये डॉल आणि हिल या संशोधकांनी ठळकपणे दाखवून दिले. १९६४ साली अमेरिकन सरकारच्या मुख्य आरोग्याधिकाऱ्यांच्या अहवालाने ते सर्वतोमुखी झाले. त्यानंतर हजारो माणसांचा वर्षानुवर्षे मागोवा घेणारी मोठमोठी संशोधने सुरू झाली, आणि त्यांत एक अनपेक्षित गोष्ट वारंवार दिसू लागली. सिगारेट ओढणारे लोक हृदयविकाराने आणि कर्करोगाने तर अधिक दगावतच होते, पण त्यांच्यात आत्महत्यांचे प्रमाणही अधिक होते. १९९३ साली अमेरिकेतील परिचारिकांविषयी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात रोज चोवीसपर्यंत सिगारेटी ओढणाऱ्या परिचारिकांमध्ये आत्महत्येचे प्रमाण कधीच न ओढणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट, आणि पंचवीस किंवा अधिक ओढणाऱ्यांमध्ये सुमारे चौपट आढळले. पुढे २०१२ साली अशा अनेक अभ्यासांची एकत्र छाननी झाली. तीत धूम्रपान करणाऱ्यांचा धोका सुमारे पावणेदोन पटींहून थोडा अधिक, आणि ज्यांनी ते सोडले होते त्यांचा धोका त्याहून पुष्कळच कमी दिसून आला.

हे ऐकून, सिगारेटच माणसाला आत्महत्येकडे लोटते, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो इतक्या सहजासहजी काढू नये. १९९२ साली एका संशोधकगटाने याविषयी मोठी मार्मिक गोष्ट दाखविली. अमेरिकेतील साडेतीन लाखांच्या आसपास पुरुषांची माहिती त्यांच्या हाती होती. धूम्रपान जितके अधिक तितके आत्महत्येचे प्रमाण अधिक, हे तर त्यांना दिसलेच. पण त्याच माहितीत असेही दिसले, की धूम्रपान करणाऱ्यांचे खून होण्याचे प्रमाणही अधिक होते! आता सिगारेट ओढल्याने कोणी दुसरा येऊन आपला खून करतो असे कोणीही म्हणणार नाही. याचा अर्थ एवढाच, की धूम्रपानाच्या संगतीने दारिद्र्य, एकाकीपण, मद्यपान, अस्थिर जीवन अशा इतर गोष्टी येतात, आणि धोक्याचा पुष्कळसा भाग त्यांचा असू शकतो. मनोविकाराचेही तसेच आहे. विषण्णतेने ग्रासलेला माणूस सिगारेटकडे अधिक वळतो, आणि आत्महत्येचा धोकाही त्याच विषण्णतेमुळे वाढलेला असतो. धूर आणि मृत्यू यांच्यामागे पुष्कळदा एकच दुखणे दडलेले असते.

तेव्हा सिगारेट हे कारण आहे की खूण आहे, हा वाद विद्वानांचा आहे आणि तो चालू राहील. आपणां संसारी माणसांना त्याचा निकाल लागेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. घराच्या छपरातून धूर येताना दिसला, तर आत चूल पेटली आहे की घर पेटले आहे हे आपण आत डोकावून पाहतो. तद्वत् घरातील माणसाची सिगारेट वाढली, तर त्याच्या फुफ्फुसांची चौकशी करण्याबरोबरच त्याच्या मनाचीही चौकशी करावी, एवढेच माझे आजचे मुख्य सांगणे आहे.

यावर कोणी म्हणेल, "अहो, सिगारेटने तर त्याचे मन शांत होते. चिंतेच्या वेळी तोच एक आधार. तोही काढून घ्यावा काय?" हा समज सार्वत्रिक आहे आणि धूम्रपान करणारा तो प्रामाणिकपणे बाळगतो. म्हणून त्याचे रहस्य सांगितले पाहिजे. धुरातील निकोटिन झुरका घेतल्यापासून काही सेकंदांतच मेंदूपर्यंत पोहोचते. मात्र रक्तातील त्याचे प्रमाण सुमारे दोन तासांत निम्म्यावर येते. मेंदूला त्याची सवय झालेली असल्यामुळे ते उतरू लागले की अस्वस्थता, चिडचिड, उदासी आणि एकाग्रतेचा अभाव ही लक्षणे डोके वर काढतात. मग दुसरी सिगारेट पेटविली की ती लक्षणे शमतात, आणि माणसाला वाटते की सिगारेटने आपली चिंता दूर केली. वस्तुतः तिने स्वतःच निर्माण केलेली चिंता तेवढ्यापुरती मागे घेतलेली असते. एखाद्या सावकाराने आपल्याच पेटीतील रुपये आपल्याला व्याजाने द्यावेत, आणि अडल्या वेळी धावून आल्याबद्दल आपण त्याचे आभार मानावेत, तसा हा व्यवहार आहे. जो मनाने आधीच खचलेला आहे, त्याला दिवसातून वीस वेळा ही चढउतार सोसावी लागते.

आता विषयाच्या दुसऱ्या अंगाकडे, म्हणजे औषधाच्या अतिमात्रेकडे वळतो. अतिमात्रा म्हटली की हेतुपुरस्सर केलेली कृती आपल्या डोळ्यांपुढे येते. पण अतिमात्रा पुष्कळदा अजाणतेपणीही होते, आणि धूम्रपानाचा तिच्याशी तीन वाटांनी संबंध येतो.

पहिली वाट संगतीची. व्यसने क्वचितच एकटी येतात. ज्यांना मद्याची अथवा अफूजन्य द्रव्यांची सवय जडली आहे, त्यांच्यात धूम्रपान करणाऱ्यांचे प्रमाण फार मोठे असते. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेली पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तीत आपल्या देशात सुमारे १६ कोटी लोक मद्यपान करणारे आढळले, आणि झोपेच्या व गुंगीच्या औषधांचा वैद्यकीय सल्ल्याबाहेर वापर करणारे सव्वा कोटीच्या आसपास निघाले. रात्री झोप येत नाही म्हणून सिगारेट, सिगारेटने झोप आणखी उडते म्हणून मद्य, आणि तेही पुरे पडत नाही म्हणून मित्राने दिलेली गोळी, ही साखळी मी कितीतरी घरांत पाहिली आहे. मद्य आणि गुंगीचे औषध दोन्ही श्वसनाचा वेग मंदावतात. ती एकत्र आली म्हणजे त्यांचा परिणाम साध्या बेरजेत मोजता येत नाही.

दुसरी वाट फुफ्फुसांची. वर्षानुवर्षे धूर घेऊन ज्याची फुफ्फुसे निकामी होत आली आहेत, त्याच्याजवळ श्वासाची शिल्लकच थोडी असते. निरोगी माणूस जी गुंगी सहन करील, ती त्याला झेपेलच असे नाही. म्हणून शस्त्रक्रियेनंतर अथवा तीव्र वेदनेसाठी जोरकस वेदनाशामक औषध दिले जाते तेव्हा, "मी सिगारेट ओढतो, मला दमा लागतो, आणि रात्री अमुक गोळी घेतो," हे डॉक्टरांना स्पष्ट सांगितले पाहिजे. भिडेखातर लपविलेली सवय येथे प्राणावर बेतू शकते.

तिसरी वाट सर्वांत कमी ठाऊक असलेली आहे, आणि ती मी मुद्दाम विस्ताराने सांगतो. औषधे शरीरात जिरविण्याचे काम मुख्यतः यकृत करते. सिगारेटच्या धुरातील काही द्रव्यांमुळे यकृतातील एक विशिष्ट यंत्रणा नेहमीपेक्षा जोराने चालू लागते, आणि त्या यंत्रणेने जिरविली जाणारी औषधे शरीरातून लवकर नाहीशी होतात. मनोविकारावरील क्लोझापिन आणि ऑलान्झापिन ही औषधे, तसेच दम्यावर दिले जाणारे थिओफायलिन, ही या वर्गातील आहेत. साहजिकच धूम्रपान करणाऱ्या रुग्णाला त्यांची मात्रा पुष्कळदा अधिक द्यावी लागते. आता समजा, हा रुग्ण एखाद्या कारणाने रुग्णालयात दाखल झाला, तेथे सिगारेट बंद झाली, किंवा त्याने स्वतःच निश्चयाने ती सोडली. थोड्याच दिवसांत ती यंत्रणा मूळ गतीवर येते. गोळ्या मात्र पूर्वीइतक्याच चालू असतात. परिणामी एकही गोळी न वाढविता रक्तातील औषधाचे प्रमाण वाढत जाते. अतिशय गुंगी येते, तोल जातो, आणि कधी प्रकृती गंभीरही होते. हा परिणाम निकोटिनचा नसून धुराचा आहे. म्हणून निकोटिनचा चिकल किंवा पट्टी वापरली तरी मात्रेचा हा हिशेब बदलतोच. याचा अर्थ सिगारेट सोडू नये असा मुळीच नाही. सोडण्याचा दिवस ठरला की आधी डॉक्टरांना कळवावे, आणि पुन्हा सुरू झाली तर तेही न लाजता कळवावे, म्हणजे मात्रा त्याप्रमाणे बदलता येते, एवढाच त्याचा अर्थ.

मग मनाने खचलेल्या माणसाने धूम्रपान सोडावे की नाही? एके काळी वैद्यकातील कित्येक मंडळीसुद्धा म्हणत, "आधीच बिचारा त्रासलेला आहे, त्याची सिगारेट तरी राहू द्या." हे मत आता टिकण्यासारखे नाही. २०१४ साली ब्रिटनमधील संशोधकांनी सव्वीस अभ्यासांची छाननी केली. धूम्रपान सोडणाऱ्यांची चिंता, विषण्णता आणि मनाचा ताण न सोडणाऱ्यांच्या तुलनेने कमी झाल्याचे तीत दिसले, आणि ज्यांना मनोविकार होता त्यांच्या बाबतीतही तेच आढळले. २०२१ साली शंभरांहून अधिक अभ्यासांच्या आधारे हेच पुन्हा सांगण्यात आले. सोडण्यासाठी मदत करणाऱ्या काही औषधांविषयीही पूर्वी मोठी शंका होती. त्यांनी मन बिघडून आत्महत्येचे विचार येतात, अशा तक्रारींवरून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ साली त्यांवर कडक इशारा छापावयास लाविले होते. पुढे सोळा देशांतील आठ हजारांहून अधिक लोकांवर एक मोठी चाचणी झाली. त्यांपैकी निम्म्यांना मनोविकाराचा पूर्वेतिहास होता. साध्या निरौषधी गोळीच्या तुलनेत त्या औषधांनी असा धोका लक्षणीय वाढल्याचे तीत आढळले नाही, आणि २०१६ साली तो ठळक इशारा काढून टाकण्यात आला. अर्थात औषध कोणते घ्यावे हे डॉक्टरांनीच ठरवावे, आणि मनात काही बदल जाणवला तर त्यांना तत्काळ सांगावे.

मात्र सोडल्यानंतरचे पहिले दोन-चार आठवडे कठीण असतात, आणि दुसरा-तिसरा दिवस सर्वांत अवघड जातो. अशा वेळी घरातील माणसांनी, "बघा, म्हटले नव्हते तुमच्याने व्हायचे नाही!" असे टोमणे मारू नयेत. ज्याला पूर्वी विषण्णतेचा आजार झालेला आहे त्याने हे एकट्याने करू नये. डॉक्टर आणि घरचे एक माणूस यांना सोबत घेऊन करावे. ती उदासी चार आठवड्यांनंतरही हटली नाही, किंवा जगण्याचाच वीट आल्याची भाषा कोणत्याही दिवशी निघाली, तर ती सिगारेटची तलफ समजून दुर्लक्ष करू नये.

येथे आपल्या घरांविषयी थोडे स्पष्ट बोलतो. आपल्याकडे सिगारेटची वाढ पकडली जाते ती पँटच्या खिशातल्या काडेपेटीवरून किंवा कपड्यांच्या वासावरून, आणि त्यानंतर जे घडते ते म्हणजे खडसावणी. वडील मुलाला खडसावतात, पत्नी पतीवर रुसते, सासरी बोभाटा होईल म्हणून आई पांघरूण घालते. पण "तुला काय होते आहे?" असे विचारणारा कोणी निघत नाही. म्हणून सांगतो, की सिगारेट एकाएकी वाढली आणि तिच्या जोडीला झोप उडणे, जेवणावरची वासना जाणे, माणसांत न मिसळणे, आवडत्या वस्तू देऊन टाकणे, देण्याघेण्याची निरवानिरव करणे, "माझ्यावाचून तुमचे बरे चालेल" असे उद्गार निघणे, यांपैकी काही दिसले, तर त्या माणसाला एकांतात घेऊन बसावे. आवाज चढवू नये. आधी ऐकावे. आणि मनात शंका असेल तर सरळ विचारावे, "जीव नकोसा झाला आहे का? स्वतःचे काही बरेवाईट करावेसे वाटते का?" असे विचारल्याने नसता विचार डोक्यात भरतो, अशी भीती पुष्कळांना वाटते. ती निराधार आहे. उलट, जो एकटाच हा भार वाहत असतो त्याला, कोणी तरी विचारले, याचाच पहिला दिलासा मिळतो.

उत्तर होकारार्थी आले तर त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. घरातील साठलेल्या गोळ्या, जुनी औषधे आणि विषारी द्रव्ये तेथून हलवून दुसऱ्याच्या स्वाधीन करावीत. हे क्षुल्लक वाटेल, पण क्षुल्लक नाही. आत्महत्येचा आवेग पुष्कळदा लाटेसारखा येतो आणि ओसरतो. त्या अवधीत साधन हाताशी नसले तर माणूस वाचतो, आणि वाचलेल्यांपैकी बहुतेक जण पुढे आपले आयुष्य पुरे करतात. ब्रिटनमध्ये १९९८ साली एका नेहमीच्या वेदनाशामक गोळीचे पाकीट कायद्याने लहान करण्यात आले, आणि पुढील वर्षांत तिच्या अतिमात्रेने होणारे मृत्यू लक्षणीय घटले. सरकारने कायद्याने जे केले, ते प्रत्येक गृहिणीला घरातल्या कपाटाला कुलूप लावून करता येते.

पोलिसांचे लचांड मागे लागेल या धास्तीनेही अनेक घरे गप्प राहतात. तिला आता पूर्वीसारखा आधार नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने, असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असेच गृहीत धरले आहे, आणि त्याची शुश्रूषा व पुनर्वसन हे सरकारचे कर्तव्य ठरविले आहे. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडविधानाच्या जागी जी नवी संहिता आली, तीत आत्महत्येच्या प्रयत्नाला सरसकट शिक्षा सांगणारे जुने ३०९ वे कलम राहिलेले नाही. मदतीचे दोन दूरध्वनी क्रमांकही मी आपणांस लिहून घ्यावयास सांगतो. मनाच्या व्यथेसाठी केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य चालते आणि तेथे मराठीतही बोलता येते. तंबाखू सोडण्यास साहाय्य करणारी राष्ट्रीय सेवा १८००-११-२३५६ या क्रमांकावर आहे.

शेवटी आपल्या मंडळाविषयी. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल द्युर्केम यांनी १८९७ साली आत्महत्येवर एक ग्रंथ लिहिला. माणसाला समाजाशी बांधून ठेवणारे धागे सैल झाले म्हणजे आत्महत्या वाढतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. ज्ञातिमंडळाचे प्रयोजन सांगताना आपण नेहमी या धाग्यांचाच गौरव करतो. पण ते धागे कधी कधी फासासारखेही आवळतात, हे मान्य केले पाहिजे. सोयरीक जुळणार नाही म्हणून आपल्या घरांत मनोविकार लपविले जातात. बंगलोरच्या 'निम्हान्स' संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत, पाहणीच्या वेळी दर शंभर प्रौढांमागे दहांहून अधिक जण कोणत्या ना कोणत्या मनोविकाराने ग्रस्त आढळले, आणि त्यांपैकी बहुसंख्यांना उपचार मिळतच नव्हते. हे प्रमाण पाहता, अशा व्यथेपासून सर्वस्वी मुक्त असलेले कुटुंब या सभागृहात विरळाच असेल. सर्वांच्याच घरी जे आहे ते सर्वांनीच एकमेकांपासून लपवावे, यात कोणाची अब्रू राहते?

म्हणून मंडळाला माझ्या तीन नम्र सूचना आहेत. आपल्या विद्यार्थी वसतिगृहात वर्षातून दोनदा मनोविकारतज्ज्ञाला बोलवावे, आणि सिगारेट ओढताना सापडलेल्या मुलाला काढून टाकण्यापूर्वी गृहपतींनी त्याच्याशी अर्धा तास बोलावे. दुसरी सूचना अशी, की ज्या घरात आत्महत्या घडली असेल तेथे मंडळाच्या कार्यकर्त्यांनी इतर कोणत्याही मृत्यूप्रमाणेच भेटीला जावे, 'का' आणि 'कसे' असे प्रश्न विचारू नयेत, आणि त्या घरच्या मुलामुलींची स्थळे येतील तेव्हा त्या मृत्यूचा हिशेब त्यांच्या नावे मांडू नये. तिसरी सूचना म्हणजे, धूम्रपान सोडू इच्छिणाऱ्या ज्ञातिबंधूंची नावे जाहीर न करता त्यांना डॉक्टरांची गाठ घालून देण्याचे काम एखाद्या समजूतदार सभासदाने पत्करावे. औषधाचा खर्च ज्यांना झेपत नसेल, त्यांच्यासाठी वैद्यकीय साहाय्य निधी आहेच.

ज्या भगिनीची हकीगत मी प्रारंभी सांगितली, त्यांनी पुढे मोठ्या धैर्याने मुलांना वाढविले. काही वर्षांनी त्यांचा मुलगा माझ्या दवाखान्यात आला. तोही सिगारेट ओढू लागला होता. या वेळी मी उपदेश केला नाही. दार लोटून घेतले, त्याला समोर बसविले आणि विचारले, "बाळ, झोप लागते का?" तो बराच वेळ गप्प होता. मग बोलू लागला, आणि बाहेर ताटकळलेल्या रुग्णांची कुरकुर ऐकू येईपर्यंत बोलत राहिला. त्यावर उपचार झाले. सिगारेट लगेच सुटली नाही, दोन-तीनदा सुटून पुन्हा लागली, पण अखेर सुटली. तो आज सुखरूप आहे.

हे श्रेय माझे नव्हे. जो प्रश्न त्याच्या वडिलांना विचारावयाचा राहून गेला होता, तो मी त्याला उशिरा का होईना विचारला, इतकेच. तो विचारावयास वैद्यकीची पदवी लागत नाही. आज घरी गेल्यावर, ज्याच्या कपड्यांना अलीकडे धुराचा वास अधिक येतो असे माणूस आपल्या घरात असेल, तर आपणही त्याला तो प्रश्न विचारावा, एवढीच विनंती.